ढिगात की कडेला

चाळीस आणली होती झाबुआहून,
पाच दिवसांची, कडकनाथ.
राऊच्या घरी, मागच्या खोलीत,
कुलर आला होता त्या खोक्यात ठेवली, वर एक बल्ब.
चोच काळी, नखं काळी, जीभसुद्धा काळी.
ओळखू यावीत म्हणून सौमित्रनं पायांना दोरे बांधले
माझ्या शिवणाच्या डब्यातले.

चौथ्या दिवशी सकाळी मोजली.
सतरा उभी होती.

सियागंजातून हातिमभाई फोनवर म्हणाले,
दाणा ताजा आहे बहेनजी, पाणी बघा.
नळाचं बघणारा म्हणाला, नर्मदेचं पाणी
सगळं राऊ पितं. आणखी कोण मेलं?
तारेकाकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, अमावस्या होती ना काल.
मग जरा थांबून, किंवा घूस.
घूस रक्त सांडून जाते, काकू.
इथे भुसा कोरडा होता.

गजकाच्या रिकाम्या डब्यात तीन ठेवली
आणि महूची बस धरली.
शेजारच्या बाईनं डब्याकडे बघत विचारलं,
मुरैन्याची का?
मी हो म्हटलं.
त्या दिवसाचं ते पहिलं खोटं.

पशुवैद्यक कॉलेजात बघेल नावाचा एक डॉक्टर,
मिसरूडही नीट न फुटलेला.
नखाएवढ्या कात्रीनं त्यानं पोट उघडलं
आणि पुटपुटत राहिला, परीक्षेला बसल्यासारखा:
बेंबी कच्ची राहिली असेल, मग आतलं पिवळं सडतं.
वाटेत पाणी मिळालं नसेल.
दाण्यात मीठ जास्त पडलं असेल.
भुशात बुरशी असेल, तर फुप्फुसात बारीक कण दिसतात,
इथे दिसत नाहीत.
प्रत्येक ‘असेल’ला कात्री थांबायची.
हवा कमी पडली की अवयव निळे पडतात, तो म्हणाला,
पण ही कडकनाथ. आत सगळं मुळातच काळं.
निळं पडलंय की होतंच असं,
कसं सांगणार?

मग वर बघून त्यानं विचारलं,
मेलेली कुठे पडली होती,
ढिगात की कडेला?

थंडीनं मरणारं पिल्लू
दुसऱ्याच्या पोटाखाली शिरतं.
उकडून मरणारं एकटं मरतं,
बल्बपासून जमेल तेवढं लांब,
पंख सोडून, चोच उघडी.
मला माहीत होतं. पिल्लांबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत
चित्र आहे, पान सहा.

खोक्यावर पहाटे मला मिळाली होती
सौमित्रची रजाई, घोड्यांच्या छापाची,
चारी कोपरे घट्ट खोचलेले.
हवेसाठी पाडलेल्या भोकांत त्याचे मोजे कोंबलेले.
पारा चारवर होता त्या रात्री
आणि तो झोपला होता नुसता स्वेटर घालून,
गुडघे हनुवटीशी.
तो उठायच्या आत मी रजाई काढली,
घडी करून त्याच्या पायाशी ठेवली.
मोजे भिजत घातले.
तेवीस जणांना कडेकडेनं गोळा केलं.

ढिगात, मी म्हटलं.

त्यानं लिहिलं, बहुधा थंडी.
शिक्का उमटेना, दोनदा मारला.

संध्याकाळी सौमित्रनं कागद स्वतः वाचला,
बोट फिरवत.
मग रडला नाही, उलट सुटल्यासारखा दिसला.
थंडीच होती, मला वाटलंच, म्हणाला.
मी रात्री उठून माझी रजाई घातली होती, आई.
तुला सांगितलं नाही, तू ओरडली असतीस.
एक कमी पडली.

आणि आत गेला,
रजाई घेऊन आला, वर माझी लोकरी शाल,
हनुवटीनं धरून, पुढचं दिसत नव्हतं त्याला.

खोक्यात सतरा जण भुसा उकरत होते.
एकाच्या पायाचा हिरवा दोरा सुटून लोंबत होता.

मी शाल हातातून घेतली.
बस इथे, म्हटलं,
ती पुस्तिका आण आधी.